पैकीच्या पैकी

४ जून
आले एकदाची! खोली झकास आहे: हिरवं दार, खिडकीशी टेबल, खाली शाळेचं पटांगण. मुख्याध्यापकांनी स्वतः बॅग वर आणून दिली आणि धाप लागली तेव्हा सगळं खापर माझ्या जाडजूड शब्दकोशावर फोडलं. दहावीच्या मुलांना इंग्रजी साहित्याच्या परीक्षेसाठी तयार करायचं, काम महिन्याभराचंच. आधीच्या बाई मध्येच सोडून गेल्या म्हणे. कुठे, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही पहिल्याच दिवशी नाक खुपसलं नाही.

छकुलीला आईकडे ठेवलंय. तीस तारखेला तिचा सहावा वाढदिवस. त्या दिवशी घरी येईन, असं वचन दिलंय. निघताना तिने रडून घर डोक्यावर घेतलं. रडली की तिच्या डाव्या भुवईवरची टाक्यांची खूण लालबुंद होते. अजून तीच दिसते आहे डोळ्यांसमोर.

९ जून
मुलं गुणी आहेत, पण काळांच्या नावाने आनंदीआनंद. आज घोकून घेतलं: गोष्टीबद्दल उत्तर लिहायचं ते वर्तमानकाळातच. ‘बाई आली’ नाही, ‘बाई येते’. गोष्ट कधी होऊन गेलेली नसते. पुस्तक उघडलं की ती पुन्हा घडते. परीक्षक याचेच गुण कापतात.

नेमलेला धडाही एका शिक्षिकेबद्दलचाच. नव्या शाळेत येते, हिरव्या दाराच्या खोलीत राहते. मला हसूच आलं. शेवटचं पान मात्र सगळ्याच प्रतींतून फाटलेलं आहे.

१५ जून
पान नाही तर नाही, म्हणून चाचणीत प्रश्न घातला: या गोष्टीचा शेवट तुमच्या मनाने लिहा. एकतीस मुलं, लांब लांब बसवलेली. एकतीस वह्यांत एकच उत्तर. बाई घरी जात नाही. बाई इथेच राहते.

चांगली खरडपट्टी काढणार होते. पण एकानेही क्रियापदाचा ‘एस’ गाळला नव्हता! इंग्रजीच्या मास्तरणीचा जीव तेवढ्यानेही विरघळतो. सगळ्यांना पैकीच्या पैकी देऊन टाकले.

२० जून
धडा पुन्हा वाचला. बाईच्या बॅगेत जाडजूड शब्दकोश आहे. तिची मुलगी आजीकडे आहे. मुलीच्या डाव्या भुवईवर टाक्यांची खूण आहे.

हे आधी नव्हतं. देवाशपथ नव्हतं. पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीला विचारलं, तर म्हणाली, पहिल्यापासूनच आहे की बाई, तुम्हीच तर शिकवलंत.

२४ जून
मुख्याध्यापकांना म्हटलं, मला त्या उत्तराचे गुण परत घ्यायचे आहेत, सगळ्यांचा शेवट चुकलाय. ते हसले. म्हणाले, दिलेले गुण इथे मागे घेत नाहीत, आधीच्या बाईंनीही अगदी हाच हट्ट धरला होता.

मला भीती वाटते आहे. परीक्षा गेली खड्ड्यात. उद्या निघायचंच.

२५ जून
बॅग घेऊन फाटकाबाहेर पडले. रस्ता ओलांडला. वळण घेतलं. समोर हिरवं दार. माझीच खोली. पुन्हा निघाले, दुसऱ्या बाजूने. हिरवं दार. तिसऱ्यांदा —

२९ जून
छकुलीचा फोन येतो. आई, उद्या येतेस ना, विचारते. हो म्हणायला तोंड उघडते. तोंडून धड्यातलं वाक्य बाहेर पडतं. बाई इथेच राहते. पलीकडे रडणं. ती खूण आता लाल झाली — लाल होते —

३० जून
भूतकाळात लिहायचं. एकच वाक्य. ‘मी घरी गेले.’ लिहून झालं की सुटले.

मी घरी जात नाही.

नाही, पुन्हा.

मी घरी जात नाही. हात ऐकत नाही. मी इथेच —

तारीख नाही
पुस्तक उघडतं. उजेड येतो. नव्या बाई. तरुण, हसऱ्या. मुलांना सांगतात, वर्तमानकाळच वापरा.

डाव्या भुवईवर टाक्यांची खूण.

छकुली. माझी छकुली. केवढी मोठी —

शेवटचं पान फाटलंय, म्हणते. तुमच्या मनाने लिहा, म्हणते. वह्या गोळा करते. लाल पेनचं टोपण काढते. मी ओरडते. तिला ऐकू जात नाही. ती एकेक उत्तर वाचते, हसते, खूश होते. छकुले, नको, देऊ नकोस त्यांना पैकीच्या —