डाव्या हातातल्या बांगड्या

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

हरमल,
ता. ९ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. शांता हिस,

अनेक आशीर्वाद. वहिनीने धाकट्या नणंदेला ते लिहायचे असतात म्हणून लिहिले, मनातून आलेले नाहीत. वि. वि.

सासूबाई गेल्या त्या वर्षी घरात सण नव्हता, म्हणून गणेश चवथीला माहेरून जायचं ते नेवऱ्या-लाडवांचं ओझं तुझ्या सासरी पाठवलं नाही. तेवढ्यावरून देवळाच्या पायरीवर उभी राहून, वहिनीशी तोंडातून शब्द काढणार नाही, अशी शपथ तू घेतलीस. मीही तिथेच नारळावर हात ठेवून तीच घेतली. आज सात वर्षं झाली. शपथ बोलण्याची आहे, लिहिण्याची नाही, म्हणून हे पत्र. मेसेज केला असता, पण तुझा फोन तुझ्याआधी तुझी सून वाचते.

माझ्या किडन्या गेल्या हे आता गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक आहे. डायलिसिससाठी डाव्या मनगटातल्या नसा जोडून घ्यायच्या होत्या. छोटंसं काम, सकाळी या, संध्याकाळी घरी जा, असं डॉक्टर म्हणाले. बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईच हवी, म्हणून तुझ्या दादाने मला न विचारता तुला बोलावलं. मोरजीच्या किनाऱ्यावर रात्रभर कासवांच्या अंड्यांची राखण करणारा माणूस, बायकोला मात्र तुझ्या हवाली करतो!

तू आलीस आणि स्टुलावर मुकी बसलीस. पेज हवी का, हेही सिस्टरकरवी विचारलंस. शेजारच्या खाटेवरच्या बाईने मला विचारलं, तुमच्या सोबतीणीला बोलता येत नाही का. मी नाही म्हणून मान हलवली.

आणि मग तू काय केलंस? सिस्टरने साबण लावून उतरवलेल्या माझ्या हिरव्या बांगड्या जाग आल्यावर मी परत चढवत होते. तू माकडासारखे हातवारे केलेस, माझा हात गादीवर दाबून धरलास आणि पेजेच्या चमच्याने एकेक बांगडी फोडलीस. आपल्याकडे बांगडी फुटली असं तोंडाने म्हणतसुद्धा नाहीत, वाढवली म्हणतात. नवरा जिवंत असलेल्या बाईच्या हातातली बांगडी! तो नवरा तुझा सख्खा भाऊ आहे, तेवढं तरी मनात यायला हवं होतं.

कळावे. लोभ होता तोही त्या काचांबरोबर झाडून नेला.

वहिनी
प्रभावती


डिचोली,
ता. १३ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि. तुझे आशीर्वाद पोचले. परत पाठवता येत नाहीत म्हणून ठेवून घेतले.

वहिनी, तू औषधाच्या गुंगीत घोरत होतीस तेव्हा डॉक्टर येऊन गेले. या हातात बांगडी नको, घड्याळ नको, वजन उचलायचं नाही, त्यावर निजायचं नाही, आवळलं तर जोडलेली नस मिटेल, असं बजावून गेले. तू उठलीस की हे तुला सांग, असं मी सिस्टरला विनवलं होतं. तिची ड्यूटी बदलली. नवी सिस्टर वॉर्डाच्या त्या टोकाला, आणि तू सुजलेल्या हातावर तिसरी बांगडी रेटतेस. हातवारे केले तर तोंड भिंतीकडे फिरवलंस. शपथ मोडायची की बांगड्या, एवढंच माझ्या हातात होतं. कासाराची समजूत काढता येते, रवळनाथाची कोण काढणार? चमचा बांगडीवर मारला, हातावर नाही. हातावर मारावासा वाटला होता.

आईच्या वर्षी सण नव्हता हे मलाही कळतं. पण निरोपही नव्हता. माझ्या जावा दारातून आत येताना विचारायच्या, माहेरचं अजून कोणी आलं नाही? मी नेवऱ्यांना भुकेली नव्हते गं. आई गेली की माहेर संपतं असं म्हणतात, ते तू मला त्याच वर्षी दाखवलंस.

आता कामाचं. रोज सकाळी उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेव. पिठाच्या गिरणीला हात लावल्यासारखी आत घरघर लागेल. ती थांबली तर त्याच घडीला हॉस्पिटल गाठायचं. उशीर झाला तर नस कायमची गेली, आणि दुसरी चांगली नस तुझ्यात नाही, असं डॉक्टर म्हणाले. दादाला सांगितलं होतं, पण त्याच्या डोक्यात कासवं. किनाऱ्यावर त्याचा फोनही लागत नाही. तसं झालंच तर मला फोन नुसता वाजव. तू बोलू नकोस, मी उचलणार नाही. घंटेवरून समजेन.

माझ्यावर लोभ नसला तरी चालेल, डाव्या हातावर असू दे.

शांता


हरमल,
ता. १ मार्च २०२४

चि. सौ. शांता हिस,

अ. आ. वि. वि. शपथ तू मोडलीस. हे आधी लिहून ठेवते, नाहीतर डिचोलीभर उलटं सांगत फिरशील.

मंगळवारी सकाळी बोटं ठेवली तर हात गप्प. पुन्हा ठेवली. मनगट कानाला लावून बघितलं. तुझा दादा मोरजीहून यायचा होता, फोन लागेना. घाबरले मी. मरणालाच घाबरले. तुला फोन लावला आणि ठरल्याप्रमाणे गप्प राहिले. तू उचलायचा नव्हतास. उचललास. आणि म्हणालीस, वैनी, हात थांबलो काय गो, रडू नको, मी गाडी घेवन येतंय. मी रडत नव्हते. तोवर तरी नव्हते.

मग आमच्या जावईबापूंच्या, सखारामरावांच्या भाजीच्या टेंपोत मला पुढे बसवलंस आणि हरमलपासून जो तोंडाचा पट्टा सोडलास तो हॉस्पिटलच्या दारापर्यंत. ओझं, सासूबाईंचं आजारपण, तुझ्या लग्नात मी नेसवलेली विटकी साडी, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाहीस. सखारामराव बिचारे समोरच्या रस्त्यावरून नजर काढेनात. मी एका शब्दाने उत्तर दिलं नाही. माझी शपथ शाबूत आहे.

डॉक्टरांनी गुठळी काढली. आणखी थोडा वेळ घरी बसला असतात तर हात गेला होता, म्हणाले. हात गेला असता की मागून मी. नंतर तू माझ्या मनगटावर बोटं ठेवलीस, घरघर लागली आणि तुझं तोंड एकदाचं बंद झालं. पुष्कळ वेळ बोटं काढली नाहीस. मीही हात ओढून घेतला नाही, अशक्तपणा होता.

पुढच्या रविवारी ये. रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालून दोघींची शपथ सोडवून घेऊ. मोडलीस तू, तेव्हा नारळ तुझा. हिरव्या बांगड्याही आण, डाव्याच्या वाटच्याही उजव्या हातात भरायला. फोडल्यास तू, भरायच्याही तूच. देवळाची पायरी उतरले की टेंपोतल्या एकेका बोलण्याचं उत्तर तोंडावर देणार आहे. साडी विटकी नव्हती.

यंदाच्या चवथीला तुझ्याकडे ओझं येईल. डॉक्टर चवथीपर्यंतची खात्री देत नाहीत, म्हणून तुझ्या दादाला आताच सांगून ठेवलंय. घरात सण नसला तरी ओझं जायला हवं. नेवऱ्या शेजारची शेवंती तळून देईल. कडक झाल्या तर तिला नावं ठेव, तेव्हा मला ठेवू नकोस.

रविवारी मात्र सकाळीच निघ. सात वर्षांचं भांडायचं आहे, आणि मला आता भरभर बोलता येत नाही.

लोभ आणलास तर आण, नारळ विसरू नकोस.

वहिनी
प्रभावती