दुसऱ्या मशीनवरचा निकाल

२७ मे २००२, बीड
आज रुजू झालो. पुण्यात तिघांत एक पंखा होता; इथे एकट्याला दोन खिडक्यांची खोली. मालक विजयसिंह राजकारणी घराण्यातले, पण त्यांना वेड कॉम्प्युटरचं. यंदा जिल्ह्याचा दहावीचा निकाल ते आपल्या वेबसाइटवर दाखवणार. त्यासाठी शिरूर कासार, आष्टी, चौसाळा इथल्या एसटीडी बूथमध्ये एकेक कॉम्प्युटर बसवलाय. वायरिंग, जनरेटर, चहा, सगळं साठीतले बंकटराव बघतात. मशीनच्या खोलीत एसी इतका गार, की ते भर मे महिन्यात स्वेटर घालून आत जातात. मला हसू आलं, तर तेही हसले. जमेल इथे.

१ जून
निकालासाठी दोन मशीन, आणि त्यांच्या पुढे लोड बॅलन्सर. बंकटरावांना सांगितलं, की पिठाच्या गिरणीत दोन चक्क्या आहेत, दारातला माणूस कुणाचा डबा कुठल्या चक्कीवर ते ठरवतो. त्या माणसाने कसं वागायचं, तेवढं मी लिहितो. बारा ओळींची स्क्रिप्ट झाली. चाचणीसाठी दुसऱ्या मशीनवर सगळ्या क्रमांकांना शून्य गुण भरलेत. सीडी आली की खरे चढवायचे. सगळं लोण्यासारखं चाललं. आईला फोन केला.

८ जून
परवा निकाल लागला. दोन दिवस लिहायचं टाळलं.
सीडी उशिरा आली. पहिल्या मशीनवर गुण चढले, दुसरीवर चढत होते. अकराला साइट उघडली आणि पाच मिनिटांत पहिली मशीन गुदमरली. केबिनमध्ये पाहुणे, पत्रकार. विजयसिंह बाहेर येऊन एवढंच म्हणाले, की माझी लाज जाऊ देऊ नका. मी स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली: शिरूरच्या बूथवरून विचारला जाणारा प्रत्येक क्रमांक दुसऱ्या मशीनकडे. तिथले गुण अर्धेच चढलेत, बाकीच्यांना अजून चाचणीचं शून्यच आहे, हे मला माहीत होतं. मनात आलं, शिरूरवरून कोण ओरडणार आहे? हो, हेच आलं. साइट पळायला लागली. टाळ्या झाल्या. मी पेढा खाल्ला.
पस्तीस मिनिटांनी ती ओळ काढली. नोंदीही पुसल्या. कुणालाच सांगितलं नाही.

११ जून
शिरूरच्या बूथचे मालक सुंदरराव, त्यांचा फोन आला. विचारत होते, कॉम्प्युटर ठेवायचा की परत न्यायचा, आता लोक बूथवर यायला भितात. कारण विचारलं. शिवकन्या नावाची मुलगी. आईबाप सहा महिने ऊसतोडीला, ती आजीपाशी राहून शिकली. निकालाच्या दिवशी बूथवर आली, 'नापास' वाचलं, कागद छापून घेतला, गप घरी गेली. दुसऱ्या दिवशी विहिरीत सापडली.
मी क्रमांक विचारून घेतला. पहिल्या मशीनवर पाहिला.
एकाहत्तर टक्के.
न्हाणीत नळ सोडून बसलो. रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

१३ जून
भर दुपारी स्क्रीनवर पाहिलं: शिवकन्याचाच क्रमांक विचारला जातोय. शिरूरच्या बूथवरून. दर मिनिटाला एकदा. सुंदररावांना फोन केला. ते म्हणाले, कॉम्प्युटर पोत्यात बांधलाय, वायरी काढल्यात.
स्क्रिप्ट दहादा वाचली. ती ओळ नाही. दोन्ही मशीनवर आता गुण बरोबर आहेत. तरी हा एक क्रमांक दुसऱ्या मशीनकडेच जातो, आणि उत्तर जातं: नापास.

१५ जून
दुसऱ्या मशीनचा प्लग काढला. पंखा थांबला, दिवा विझला. मिनिटभराने क्रमांक आला. मिनिटभराने उत्तर गेलं.
नापास.

१७ जून
राहवलं नाही. एसटीने शिरूरला गेलो. तिचे वडील मुंजाजी ओसरीवर होते. कंपनीचा माणूस म्हटल्यावर घाईने उठले, सतरंजी झटकली. घडी घालून ठेवलेला तो छापील कागद दाखवला.
"साहेब, मशीन चुकती का वो? लेकरू म्हनायचं, पेपर लई सोपे गेलते."
मी गेलो होतो ते सांगायलाच. तोंडातून निघालं, नाही, मशीन नाही चुकत.
ते मान हलवत राहिले. "मंग पोरगीच चुकली म्हनायची."
मला चहा दिला. मी प्यायलो.

१८ जून
आता मिनिटाला नाही. सतत. स्क्रीनभर तोच क्रमांक. आणि येतो तो शिरूरवरून नाही —
माझ्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून. मी कीबोर्डला हातही लावलेला नाही.
बटणांवर पाणी आहे. पुसलं. पुन्हा आहे.

१९ जून
विजयसिंहांना सांगायला गेलो. त्यांनी माझी ओळख नव्या पाहुण्यांशी करून दिली, हाच तो हुशार पोरगा. मी हसलो. नमस्कार केला. परत आलो.
असा कसा मी —

२० जून
सकाळी सुंदररावांचा फोन. शाळेत मार्कशीट वाटल्या. मुंजाजींनी लेकीची आणली. वाचून घेतली: पास. मग बूथपुढे उभं राहून, एकट्यानेच, बीडची एसटी धरली.

दुपारी
मुंजाजी आलेत. बंकटराव पाण्याचे दोन ग्लास घेऊन बाहेर गेले. मी म्हटलं, दोन कशाला, एकटेच आलेत ना ते.
म्हणाले, "न्हाई साहेब, बाप-लेक हायत. पोरगी वल्ली चिंब हाय, कशानं की. गावात पावसाचा थेंब न्हाई."
मागचं दार आहे. उघडं आहे. मी जाणार नाही.
सांगणार आहे. दोघांनाही. मशीन नाही, मी —
बंकटराव परत आलेत. म्हणतात, बाप बाहेरच बसलाय. पोरगी आत आली.
पावलांचा आवाज चपचप — टेबलापाशी —
शिवकन्या, बाळा, तू पास झाली होतीस, ती ओळ मी