दोन कॉलमांचा फोटो

अमरावती, मंगळवार, १४ मार्च १९६१

साप्ताहिकात आमच्या भातकुलीच्या नव्या विहिरीचा फोटो आला. मधोमध उद्घाटनाचे साहेब. कडेची आई कापलेली. दोरावरचा तिचा हात तेवढा उरला आहे. विहीर खणताना उन्हाळाभर माती तिनं वाहिली.

संपादकांकडे गेलो. म्हणाले, "दोनच कॉलमची जागा होती, मास्तर. सारे कसे मावतीन?"

"सबंध फोटोच लहान करायचा होता."

"मंग साहेबाचं तोंड बी लहान झालं असतं ना, भाऊ."

हसले. हात कोणाचा, हेही विचारलं नाही. आणि मी तरी का नाही सांगितलं?

शनिवारी गावी जायचं आहे. आईनं अंक आणायला सांगितलाय. तिला वाचता येत नाही. ती फोटोच पाहणार.