घळीतली लाल रेघ

कुमोदाइरा निवारा,
मंगळवार, २९ मे १९८४

चिरंजीव शिगेकीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. तुझ्या बायकोला, फुसाएलाही, सांग. तिनं पाठवलेले सुके मासे पोचले. गावातून वर येईपर्यंत त्यांचा वास निवाऱ्याचं सामान वाहणाऱ्या आमच्या जिम्पाची आजोबांच्या पाठीला असा चिकटला, की वाटेतला कोल्हा निवाऱ्याच्या दारापर्यंत त्यांच्या मागे आला. शहात्तराव्या वर्षीही ते तीस किलोचं ओझं घेऊन चार तास चढतात आणि वर पोचल्यावर मलाच विचारतात, "दमलीस का गं?"

नऊ वर्षांत नववर्षाच्या कार्डापलीकडे मी तुला काही लिहिलं नाही. बाबांच्या अंत्यविधीला आलास, तेव्हाही आपण हवेविषयी बोललो. म्हणून आजही हवेपासूनच सुरुवात करते.

असा बर्फ मी जन्मात पाहिला नाही. छप्पर वाकलं, मोडलं नाही. बीच वृक्षांच्या रानात अजून कमरेइतका थर आहे, वाटेच्या खुणांचे फक्त शेंडे दिसतात. डोंगराची धार मात्र वाऱ्यानं झाडून काढली आहे. खडक उघडा, कोरडा, खुजे पाइन बर्फाखालून पाठ वर काढताहेत. पूर्वेच्या अंगाला बर्फाची वळचण तीन हात पुढे आली आहे, तिच्या जवळपास फिरकायचं नाही. हे सगळं बुटांना काटे बांधलेल्या, डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाला जमण्यासारखं आहे. गोष्ट अडते ती तिसऱ्या घळीशी.

घळ वरून बघावी तर पांढरीशुभ्र, भरलेली, साळसूद. पण बांबू खुपसला की दोन हातांवर पोकळी लागते आणि खालून पाण्याचा आवाज येतो. आणि आमच्या गावच्या डोंगरवाट मंडळाला येत्या रविवारी, तीन तारखेला, धारेची वाट चढणाऱ्यांसाठी खुली करायची होती!

शनिवारी शाळेच्या सभागृहात सभा झाली. अध्यक्ष ओगिशी म्हणाले, "पोस्टरं छापून झाली आहेत, बाई."

मी म्हटलं, "मग ती घळीवर अंथरा आणि त्यांच्यावरून चाला."

सभा हसली. ओगिशी लाल झाले. "तुम्हाला दर वर्षी भाषणाला काहीतरी निमित्त लागतं."

"आणि तुम्हाला दर वर्षी ते ऐकावं लागतं. त्याला माझा इलाज नाही."

मग मी बोलले. पाऊण तास बोलले. खाली खानावळी काढलेल्या नव्या लोकांना गेरूच्या रेघेचं काहीच ठाऊक नाही, त्यांना अ आ इ पासून सांगितलं. धुक्यात वाट चुकू नये म्हणून आपण बर्फावर गेरूची लाल रेघ ओढतो. पण लाल रंग ऊन पितो, म्हणून रेघेखालचाच बर्फ सगळ्यात आधी कुजतो. जी रेघ माणसाला वाचवते तीच तीन दिवसांनी त्याला गिळायला बसते! म्हणून दर तिसऱ्या दिवशी ती खरवडायची, बांबूनं थर तपासायचा आणि नवी रेघ चार हात वर ओढायची. आणि ओढणाऱ्यानं घळीच्या तोंडाशी रोवलेल्या फळीवर आपलं नाव लिहायचं, म्हणजे चालणाऱ्याला कळतं की आपण कुणाच्या शब्दावर पाय टाकतोय. मी विचारलं, "पर्वतानं तुमचं कॅलेंडर वाचलंय का? बर्फाला रविवार कळतो का?"

हिराइशी खानावळवाल्यानं जुना विषय काढला. तो निघणारच होता. त्यालाही मी उत्तर दिलं.

मतं पडली: सतरा माझ्या बाजूनं, नऊ विरुद्ध. धार वीस जूनपर्यंत बंद. रविवारी फक्त पायथ्याच्या देवळात पूजा होईल आणि मी चार शब्द बोलेन. बाबा असते तर खूश झाले असते.

तुझा गुडघा कसा आहे? मासळीच्या कारखान्यात अजून उभ्यानंच काम असतं का? खारवलेली मोहरीची पानं पाठवते आहे, यंदा छान आंबली आहेत.

आणखी काही लिहायचं होतं. राहू दे.

तुझी ताई,
किनुए


सोमवार, ४ जून

शिगेकी,

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. ना मायना, ना खुशाली. दोनच ओळी: "ताई, यंदा रेघ कोण ओढणार? आणि फळीवर नाव कुणाचं?"

मी ते चुलीपाशी उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं. तीन दिवस एप्रनच्या खिशात घेऊन फिरले.

मागच्या पत्रात मी एक वाक्य गाळलं होतं. ते आता लिहिते.

सभेत हिराइशी उठून म्हणाला, "याच निवाऱ्यातल्या माणसानं नऊ वर्षांपूर्वी एकाला घळीत घातलं, आणि आज हीच आम्हाला शहाणपण शिकवते!" आणि मी म्हणाले, "होय. माझ्या भावाच्या आळसानं एक माणूस जन्माचा अधू झाला. ते पुन्हा होऊ नये, म्हणूनच मी इथे उभी आहे."

बायकांनी डोळे पुसले. सतरा मतं तिथे पडली, शिगेकी. घळीविषयी मी जे बोलले ते अक्षर न् अक्षर खरं होतं, पण ती मतं मी तुझ्या पाठीवर पाय देऊन मिळवली.

आता त्या रविवारचं सगळं सांगते. तुला माहीत आहेच, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

एक जून पंचाहत्तर. रेघ तू गुरुवारी ओढली होतीस. रविवारी ती हलवायची होती, पण बाबांच्या औषधासाठी तुला पहाटेच उतरावं लागलं. बुटांच्या नाड्या बांधता बांधता तू म्हणालास, "ताई, आज रेघ हलव हं. विसरू नकोस."

मी म्हटलं, "जा रे, मला शिकवतोस?"

त्या सकाळी पहिल्या तुकडीला निरोप देताना मला भाषण करायचं होतं. मी अंगणात येरझाऱ्या घालत ते पाठ करत राहिले. वेळ होत आली तशी घळीच्या तोंडापर्यंत गेले, काठावरून बघितलं. रेघ सरळ दिसत होती, सुरेख दिसत होती. मी खाली उतरले नाही. बांबू हातात होता, तो खुपसलासुद्धा नाही. फळीवर तुझ्या नावाखाली त्या दिवशीची तारीख टाकली आणि परत आले. मग भाषण केलं. विषय होता, पर्वत आणि माणसाची जबाबदारी. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या माझ्या कानात होत्या तोवर घळीतून शिटी वाजली.

मुरोते औषधविक्रेते सगळ्यांच्या पुढे होते. नेमके रेघेवर पाय ठेवून चालत होते, बिचारे. रेघेखालचा बर्फ खचला. त्यांना दोरानं वर काढलं. उजवा पाय पुन्हा कधी सरळ झाला नाही.

चौकशीला आलेल्यांनी फळी वाचली. नाव तुझं. दुपारी तू औषधाची पिशवी घेऊन दारात आलास आणि माझ्याकडे बघितलंस. मी चुलीकडे बघितलं. तू त्या लोकांना एवढंच म्हणालास, "रेघ माझी होती."

बाबा आजारी, निवारा हातातून जाईल, घरातला एक तरी माणूस गावाच्या नजरेत राहायला हवा: तू असाच काही विचार केला असशील. मी मात्र काहीच विचार केला नाही. मी फक्त गप्प बसले, आणि पुढची नऊ वर्षं त्या गप्प बसण्यावर भाषणं केली.

काल देवळात पूजा झाली, तांदळाची दारू, साके, फिरली, माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. शब्द सजवले नाहीत. पाच मिनिटंही लागली नाहीत.

ओगिशी उठले. "म्हणजे ज्या शब्दावर आम्ही मतं दिली, तो शब्दच खोटा?"

"भावाबद्दलचा खोटा. घळीबद्दलचा खरा."

"आता कुठला खरा मानायचा, बाई? ठराव रद्द!"

गलका झाला. एक क्षण मला भीती वाटली, की आपल्या पापक्षालनापायी उद्या कुणीतरी घळीत जाणार. मग मी आवाज चढवला, आणि तो आवाज माझा नेहमीचा होता, हे कबूल करते. "रद्द करा! माझ्या तोंडाकडे बघून बर्फ ठरवूच नका. नऊ वर्षांपूर्वी मी काठावरून बघितलं, तेच आज तुम्ही देवळात बसून करताय. बांबू घ्या आणि चला माझ्याबरोबर. आत्ता!"

अकरा जण आले. ओगिशीही आले, दर वळणावर थांबत, धापा टाकत, मला शिव्या देत. घळीच्या तोंडाशी जिम्पाची आजोबांनी कमरेला दोर बांधला, चार पावलं आत गेले आणि बांबू खुपसला. तो दोन हात सावकाश गेला, मग त्यांच्या मुठीतून निसटला आणि नाहीसा झाला. आम्ही ऐकत उभे. बऱ्याच वेळानं खाली खडकावर तो खणखणला.

ओगिशींनी घाम पुसला. "वीस तारीख," ते म्हणाले. "आणि बाई, फळीवर तुमचं नाव यापुढे नको."

"नको," मी म्हटलं. ते बरोबर होतं.

आजोबांनी विचारलं, "मग रेघ कोण ओढणार?" सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. शेवटी हिराइशीच बोलला, तोच हिराइशी: "शिगेकीचा हात सरळ होता. तारखेला चुकायचा नाही."

मी तुला बोलावत नाही. तो हक्क मी गमावला आहे. गेरूची तीन पोती कोरडी ठेवली आहेत, पहिली रेघ सतराला ओढायची आहे, आणि यंदाची फळी कोरी आहे, एवढंच कळवते. मुरोतेंना वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यांनी उत्तर देऊ नये, तेही योग्यच होईल.

आणखी एक. निवाऱ्यात सगळ्या वर्षांच्या फळ्या टांगलेल्या आहेत, त्यात पंचाहत्तरची बाबांनी तोंड भिंतीकडे करून लावली होती. आज सकाळी ती मी उलटवली. रंधा घेऊन तुझं नाव काढलं. लाकूड खाली अजून पांढरं होतं. त्यावर शाईनं माझं लिहिलं, ठसठशीत, येणाऱ्या प्रत्येकाला दारातून वाचता येईल असं.

रेघ माझी होती.

किनुए