पोलोग्राउंडमागची पत्र्याची घरं

मंगळवार, संध्याकाळ

पोलोग्राउंडमागच्या बस्तीत आज कदमजींचं डोकं फोडलं. आमच्या नकाशांच्या ऑफिसातले सगळ्यात शांत गृहस्थ.

आम्ही दोघं गेलो होतो कशाला? त्या जागेचे आमच्याकडे दोन नकाशे आहेत. उपग्रहाच्या धूसर चित्रावरून केलेल्या नकाशात ती मोकळी जमीन दिसते, कारण गंजलेला पत्रा आणि माती कॉम्प्युटरला सारखीच. बारीक चित्र घेऊन नव्या पद्धतीने केलेल्या नकाशात तिथे घरं आहेत. खरं काय ते बघायचं होतं. मोकळी ठरली तर कागदावर तिथे घरंच नाहीत, मग ती पाडायला जेसीबी येणार.

मी टॅबलेट काढला आणि कुणीतरी ओरडलं, "तोडने वाले आ गए." आधी दगड आले, मग एकजण लोखंडी सळी घेऊन धावला. कदमजी पडले तरी तो मारतच होता. तो आवाज... मी मध्ये पडले तेव्हा सळी माझ्या खांद्यावर बसली. शेवटी एका बाईनेच त्याला मागे ओढलं. "छोड़, मर जाएगा वो."

दवाखान्यात टाके घालून झाल्यावर कदमजी म्हणाले, "वैशालीजी, मोकळी जमीन लिहून टाका. आने दो जेसीबी."

मला राग नाही आला? आला. सळीचा आवाज कानात होता आणि मलाही वाटलं, पाडाच सगळं.

पण ते सगळे बाहेर आले ते घरांतूनच ना? एका दारातून कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी 'घरं' असं लिहून नकाशा पाठवला आणि कदमजींना फोन करून सांगितलं. त्यांनी फोन ठेवून दिला.