कंपनीच्या डॉक्टरांचा फोन

प्रिय वन्सं,

उद्या सकाळी तुम्हाला विमा कंपनीच्या डॉक्टरांचा फोन येईल. इंजेक्शनचा खर्च मंजूर करायचा की नाही, हे ते तुमच्याशी बोलून ठरवणार. स्वस्तातल्या गोळ्यांनी गुण आला नाही, एवढंच तुम्ही सांगायचं आहे. आणि नेमकं तेच तुमच्याने होणार नाही, म्हणून सकाळपासून माझं कशात लक्ष लागत नाहीये.

तुमच्या माहेरी कुणी तब्येत विचारली की 'छान' म्हणायची रीत. ह्यांनाही ह्याच दुखण्यासाठी असाच फोन आला होता. उशांना टेकून धापा टाकत होते, तरी म्हणाले, "मजेत आहे, डॉक्टरसाहेब. तुम्ही कसे आहात?" मी समोरून हात जोडतेय! फोन ठेवून मलाच म्हणाले, "अगं, परक्या माणसापुढे काय रडगाणं गायचं?" कंपनीने कळवलं, गोळ्यांनी आराम आहे, इंजेक्शनची गरज नाही. आम्ही फेरविचाराचा अर्ज केला. त्याचं उत्तर येण्याआधीच हे गेले.

काल जिना चढताना तुम्ही मध्येच खाली बसलात, हे तुमच्या लेकीने सांगितलं. मला मात्र फोनवर म्हणालात, "वहिनी, मी ठणठणीत! तुमच्या गुडघ्याचं काय ते सांगा."

हे पत्र टाकत नाही. पोचेपर्यंत तो फोन होऊन गेलेला असेल. मी संध्याकाळच्या गाडीने निघते. उद्या तुमच्या शेजारी बसेन आणि फोन मीच घेईन. तुम्ही रागावलात तरी चालेल.

फक्त दार उघडल्यावर मला 'कशा आहात' असं विचारू नका. मी खरं सांगेन.

तुमची,
वहिनी