केकला गंध कोणी लावलं?

सोम., १० नोव्हें.
रविवारी तनूला दोन वर्षं पूर्ण. केक मीच करणार, जेवताना सांगून टाकलं. सासूबाई नुसत्या "बरं" म्हणाल्या. त्यांचं नुसतं "बरं" म्हणजे पोटात काहीतरी आहे.
सुषमावहिनी, माझ्या मोठ्या जाऊबाई, खालच्याच मजल्यावर राहतात. लगेच वर. "दापोड्याच्या गोडाऊनची ड्युटी करून कुठे जमणारे तुला? मी ऑर्डर देते की." गेल्या वर्षीही यांनीच दिली. मला गोडाऊनमधून सुटायला उशीर, पोचले तर केक कापून झालेला. फोटोत तनू वहिनींच्या मांडीवर, सुरी वहिनींच्या हातात. हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. का लावलाय ते मला कळतं.
या वर्षी सुरीवर तनूचा आणि माझा हात. बस्.

बुध., १२
तनू मोबाइलवर बघते तो निळा हत्ती काढायचा ठरवला. क्रीम जास्त फेटलं, लोणी झालं. रंग मळकट. नितीन म्हणतो, "मस्त. म्हैस ना?" नवरा माझा, पण बोलणं वहिनींचं. शिकवून पाठवलाय का याला?

शुक्र., १४
व्हिडिओतली बाई म्हणते, मेंदीच्या कोनासारखा धरा. धरला. सोंड सरळ येतच नाही, डावीकडे वळते.
वहिनी दोनदा वर आल्या, साखर मागायला. कालच त्यांच्याकडे पाच किलो आली, मी गॅलरीतून पाहिली. जाताना म्हणे, "उद्या बेकरीकडे जाणारे, सहज." सहज!

शनि., १५
हाफ डे. तीन तास कंबर मोडून केला. निळा रंग अर्ध्यातच संपला, खालचं अंग पिवळं केलं. कान फारच मोठे. सोंड डावीकडेच. पण झाला! मला आवडला, खरंच. फ्रिजच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवला. कोणी हात लावायचा नाही, सगळ्यांना बजावलं. कुलूप असतं तर लावलं असतं.

रवि., १६
पाहुण्यांसमोर केक काढला. हत्तीच्या कपाळावर लाल टिपका. देव्हाऱ्यातलं गंध!
आणि मग मलाही दिसलं. मोठे कान, डावी सोंड, पिवळं पितांबर. सासूबाईंनी पदर सावरून हात जोडले. "अगं बाय, ह्यो तं गणपती हाय. याच्यावर सुरी न्हाय चालवायची." सगळ्यांनी हात जोडले. केक परत फ्रिजमध्ये ठेवायला आत गेले, तेवढ्यात वहिनी खालून बेकरीचा केक घेऊन हजर. "सहज आणून ठेवलेला." बाहेर येईपर्यंत टाळ्या. फोटोत पुन्हा त्यांचीच सुरी.
बाथरूमचा नळ सोडून रडले.

सोम., १७
सुट्टी टाकली. चौकशी.
सासूबाई : "देवाशपथ, मी न्हाय लावलं." देवाची खोटी शपथ त्या घेणार नाहीत.
वहिनी : "मला मेलीला दुसरं काम नाही का?"
नितीन मी विचारायच्या आधीच म्हणाला, "मी तर झोपलो होतो."
दुपारी तनूला कडेवर घेऊन फ्रिज उघडला. केकवर कोणीतरी जास्वंद ठेवलंय. तनूने हात लांब करून बोट नेमकं त्या टिपक्यावर टेकवलं. बरोब्बर बसलं, टिपका तिच्या बोटाएवढाच. रोज सकाळी आजीबरोबर देवांना गंध लावते ना ती.
"बाप्पा," म्हणाली. मग माझ्या गालाला हात लावून, "आईचा बाप्पा."
मोदक मोडायला कुठे सुरी लागते? एक कान हातानेच मोडला, तिला भरवला. उरलेला तिने मला भरवला. फोटो काढायला कोणी नव्हतं.
सगळं पटलं. फक्त एक. तो कप्पा माझ्या खांद्याएवढा उंच आहे. तनूला उचललं कोणी?